पाणी येतं, पण जातं कुठे?

आधी एक कोडं. एक जागा आहे. चहूबाजूंच्या डोंगरांतून तिथे ओढे उतरतात आणि वर्षानुवर्षं पाणी आणून ओततात. पण त्या जागेतून बाहेर पडणारी एकही नदी नाही, साधा नालासुद्धा नाही. तरी ती जागा कधी ओसंडून वाहत नाही. मग आलेलं पाणी जातं कुठे?

उत्तराची घाई नको. आधी ती जागा तर शोधू या. ॲटलास काढा आणि भारताच्या नकाशात पार वर, लडाखवर बोट ठेवा. लेह सापडलं? तिथून सिंधू नदीच्या कडेकडेने आग्नेयेला सरका. चुमाथांग नावाचं गाव लागेल, तिथे जमिनीतून कढत पाण्याचे झरे येतात. आणखी पुढे माहे गावाजवळ पुलावरून सिंधू ओलांडा आणि दक्षिणेकडे वळा. आता तुम्ही चांगथांगच्या पठारावर आहात. इथे झाड म्हणून दिसत नाही. तांबूस, राखाडी, पिवळट डोंगर, मधूनच खुरटं गवत, आणि वारा. अशा रखरखाटात अचानक पंचवीसेक किलोमीटर लांबीचं निळंशार पाणी समोर येतं. हेच त्सो मोरीरी. त्सो म्हणजे तिकडच्या भाषेत सरोवर.

निळंशार म्हटलं खरं, पण तो रंग एका शब्दात मावत नाही. काठाशी पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. चार पावलं पुढे ते फिकट हिरवं होतं, मग मोरपंखी, आणि मधोमध गडद निळं. ढग आला की तेवढा तुकडा करडा पडतो आणि ढग सरकला की पुन्हा निळा. सकाळी वारा पडलेला असला तर पश्चिमेकडची मेन्टोकची बर्फाळ रांग पाण्यात उलटी दिसते, अगदी शेवटच्या सुळक्यापर्यंत. दुपारी मात्र तेच पाणी खवळतं आणि काठावर लाटा आपटायला लागतात. उघडी, कोरडी जमीन उन्हाने भराभर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दुसरीकडची हवा धावत येते. म्हणून ज्यांना प्रतिबिंब बघायचंय त्यांनी लवकर उठायला हवं.

आता उंची बघा. त्सो मोरीरीचं पाणीच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे 4,520 मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, उंची 1,646 मीटर. म्हणजे जवळजवळ पावणेतीन कळसूबाई एकावर एक रचल्या, तर वर चढून आपण या सरोवरात पाय बुडवू शकू. आणि हा झाला नुसता काठ! पूर्वेकडची चामसेर कांगरी आणि लुंगसेर कांगरी ही शिखरं 6,600 मीटरांपेक्षा उंच आहेत. त्यांचे माथे सरोवरापासून आणखी दोन किलोमीटर वर.

इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडासाच जास्त असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात छातीत ऑक्सिजन कमी जातो. चार पायऱ्या चढलं तरी धाप लागते. म्हणून तिकडे जाणारी शहाणी माणसं आधी लेहमध्ये दोन-तीन दिवस मुक्काम करून शरीराला सवय लावून घेतात. दाब कमी असल्याची आणखी एक गंमत स्वयंपाकघरात दिसते. आपल्याकडे समुद्रकाठी पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं, तिथे ते साधारण 85 अंशांनाच उकळायला लागतं. पातेल्यात डाळ कितीही वेळ रटरटली तरी लवकर शिजत नाही, कारण पाणी त्याहून गरम होतच नाही. काठावरच्या कोरझोक गावात प्रेशर कुकरशिवाय पान हलत नाही.

पण पाण्याचा रंग निळा का, ते राहिलंच. बरेच जण सांगतील, आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून. हे थोडंसं खरं आहे. पाण्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं की आकाश त्यात दिसतं, आणि तिथलं आकाशही आपल्यापेक्षा गडद निळं असतं, कारण बरीचशी हवा, धूळ आणि बाष्प खालीच राहिलेलं असतं. पण शेजारच्या टेकडीवर चढून सरळ खाली बघितलं, तरी पाणी निळंच दिसतं. म्हणजे निळाई पाण्यातसुद्धा आहे. पाण्याला कुठलाच रंग नसतो असं आपण म्हणतो, आणि पेलाभर पाण्यापुरतं ते चालून जातं. खरं तर पाण्याला स्वतःचा अगदी फिका निळा रंग असतो. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. तो उजेड पाण्यात शिरला की पाणी आधी तांबडा रंग शोषून घेतं, मग नारिंगी, मग पिवळा. दहा मीटर खोल गेलेल्या पाणबुड्याला आपला लालभडक हातमोजा मळकट, काळपट दिसतो, तो याचमुळे. निळा रंग सगळ्यांत खोलवर पोचतो, आणि त्यातला थोडा उलटून वर आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

यासाठी पाणी खोल हवं आणि स्वच्छही. त्सो मोरीरी सगळ्यात खोल जागी सुमारे 105 मीटर आहे. कुतुबमिनार त्यात उभा केला तर तो पूर्ण बुडेल आणि त्याच्या टोकावर आणखी तीस मीटर पाणी उरेल. शिवाय पाणी थंडगार आणि त्यात शेवाळ्याला लागणारं खाद्य थोडं, म्हणून आपल्या तळ्यांसारखा हिरवा गढूळपणा तिथे येत नाही. काठाशी मात्र तळ फिकट आणि पाणी उथळ. उजेड तळाला आपटून चटकन परत येतो. तेवढ्यात फक्त तांबडा रंगच काय तो थोडा हरवलेला असतो, म्हणून तिथे निळ्याऐवजी हिरवट, मोरपंखी छटा.

आता कोड्याकडे वळू. पाणी येतं कुठून, ते सोपं आहे. उन्हाळ्यात भोवतालच्या शिखरांवरचा बर्फ वितळतो आणि ओढ्यांतून खाली येतो. हे ओढे मोठे गमतीचे. सकाळी पाहाल तर बारीकशी धार, उडी मारून ओलांडता येईल अशी. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळला की दुपारनंतर त्याच ओढ्याला लोंढा येतो. पावसाचा वाटा तिथे अगदी किरकोळ. पावसाळी ढगांना हिमालयाच्या उंच रांगा अडवतात आणि ते दक्षिणेच्या उतारावरच रिकामे होतात. आपल्याकडे सह्याद्री हेच करतो. महाबळेश्वर पावसाने झोडपून निघतं, आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो. लडाखमध्ये हे आणखी तीव्र आहे. लेहला वर्षभरात मिळून जेमतेम 10 सेंटीमीटर पाऊस-बर्फ पडतो.

आणि पाणी जातं कुठे? वर! कोरडी हवा, प्रखर ऊन आणि दुपारचा वारा, तिघं मिळून सरोवराच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ करून नेतात. ओढे आणतात तेवढं ऊन-वारा नेतो, म्हणून सरोवर ना आटत, ना ओसंडत. बर्फ जास्त वितळला की पातळी थोडी चढते. पातळी चढली की पाणी पसरतं, उन्हाला मोठा पृष्ठभाग मिळतो आणि वाफही जास्त होते. अशी ही पातळी आपली आपणच सावरली जाते.

पण वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. ओढ्यांनी डोंगरांतून येताना दगडांमधले क्षार विरघळवून आणलेले असतात, चिमूट चिमूट. ते वाफेबरोबर उडत नाहीत, मागेच राहतात. आमटी गॅसवर विसरली की आटून खारट होते ना, तेच इथे हजारो वर्षं चाललंय. म्हणून त्सो मोरीरीचं पाणी मचूळ आहे. तोंड वाकडं होण्याइतकं खारट नाही, पण गोडंही नाही.

यावर कुणी म्हणेल, कशावरून? दुसरंच काही कारण असेल! शंका चांगली आहे, आणि तिचं उत्तर चांगथांगवरच ठेवलेलं आहे. त्सो मोरीरीच्या वायव्येला एकमेकांना लागून दोन सरोवरं आहेत. एकाचं नाव स्टारत्सापुक त्सो आणि दुसऱ्याचं त्सो कार. हवा तीच, ऊन तेच, डोंगर तेच. पण स्टारत्सापुकचं पाणी गोडं आणि त्सो कारचं खारट, इतकं की काठावर मिठाचा पांढरा थर साचतो. पूर्वी तिथले मेंढपाळ हे मीठ गोळा करून दूरवर विकायला नेत. शेजारी शेजारी असून असा फरक कशाने? स्टारत्सापुकमधून एक लहानसा प्रवाह निघतो आणि त्सो कारला मिळतो. त्या वाटेने स्टारत्सापुक आपले क्षार पुढे ढकलून मोकळं होतं. त्सो कारला मात्र पुढे वाट नाही, त्यामुळे येईल ते मीठ त्याच्याकडेच साठतं. निसर्गाने इतका नेटका प्रयोग मांडून ठेवलेला फार क्वचित बघायला मिळतो. आणि हो, त्सो कार उथळ आहे. त्सो मोरीरी खोल आहे, त्याच्यात पाण्याचा साठा प्रचंड आणि बर्फाचं ताजं पाणीही भरपूर येतं, म्हणून त्याचा खारेपणा अजून मचूळपणावरच थांबलाय.

महाराष्ट्रातही एक सरोवर याच रीतीने खारट झालंय. ओळखलंत? बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार! ते डोंगरांनी नव्हे तर उल्केच्या आघाताने बनलेल्या खड्ड्यात साठलंय, पण त्यालाही बाहेर पडायला वाट नाही. झऱ्यांचं पाणी आत येतं, उन्हाने वर जातं, क्षार मागे राहतात. त्सो मोरीरी आणि लोणार, दोघांचंही पाणी अल्कधर्मी आहे, लोणारचं जास्तच.

त्सो मोरीरीची वाट मात्र पहिल्यापासून बंद नव्हती. एके काळी दक्षिणेच्या टोकाकडून त्याचं पाणी बाहेर पडत असे आणि परे चू नदीकडे जात असे. पुढे हवामान कोरडं होत गेलं, सरोवर आक्रसलं, आणि पातळी त्या वाटेच्या खाली गेली. आजच्या काठापासून बऱ्याच वर, उतारावर जुन्या किनाऱ्यांच्या आडव्या रेषा दिसतात. पूर्वी पाणी तिथवर होतं, लाटा तिथे आपटत होत्या. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात लांब नळ्या खुपसून चिखलाचे उभे नमुने काढले. सगळ्यात वरचा चिखल अलीकडचा, खाली जावं तसतसा जुना. त्यात अडकलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली बघितले की कुठल्या काळात कोणत्या वनस्पती होत्या ते कळतं, आणि त्यावरून पाऊस केव्हा वाढला, केव्हा घटला याचा अंदाज बांधता येतो. असा हजारो वर्षांचा इतिहास त्या चिखलात साठलेला आहे.

मला विचाराल तर या सरोवराच्या निळाईपेक्षाही नवलाची गोष्ट त्याच्या काठावरच्या दगडांची आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत सरकत आशियाला जाऊन भिडला. त्या टकरीतूनच हिमालय वर आला, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. पण सगळंच काही वर आलं नाही. भारताच्या भूखंडाची पुढची कड आशियाच्या खाली घुसली आणि खोल, खोल जात राहिली. त्सो मोरीरीच्या परिसरातले काही खडक तेव्हा शंभर किलोमीटरच्या आसपास खोल गेले होते. शंभर किलोमीटर म्हणजे काय? माणसाने आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटरांच्या थोडंसं पुढे गेलंय, बस्स. हे खडक तिथवर गेले, प्रचंड दाबाखाली दबले, आणि मग पुन्हा वर आले! आज त्यांच्यावर शेळ्या चरतात.

हे कळलं कसं? पुरावा एवढासा आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. या भागात एक्लोजाइट नावाचा खडक सापडतो. जड, आणि दिसायला देखणा. हिरव्या खनिजात गार्नेटचे तांबडे दाणे रुतलेले. त्या दाण्याची कागदाहून पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की एखाद्या दाण्याच्या पोटात कोएसाइटचा इवलासा कण दिसतो. कोएसाइट म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली गारगोटीच, पण अतोनात दाबाखाली तिच्यातल्या अणूंची रचना घट्ट झालेली. आणि एवढा दाब साधारण नव्वद किलोमीटर खोलीच्या पुढेच मिळतो. खडक वर येऊ लागला आणि दाब कमी झाला, तसा कोएसाइट पुन्हा गारगोटी व्हायला लागला. होताना तो फुगला आणि त्याने भोवतालच्या गार्नेटला तडे पाडले. कणाच्या चहूबाजूंना सरळ निघालेल्या बारीक भेगा आजही तिथे आहेत. त्या भेगा बघूनच शास्त्रज्ञांची नजर अशा कणावर जाते.

हिवाळ्यात चांगथांगवर पारा शून्याच्या खाली तीस अंशांपर्यंत उतरू शकतो. लहान डबकी आणि उथळ तळी तर लगेच गोठतात. त्सो मोरीरी मात्र बराच काळ दाद देत नाही. थंडीने वरचं पाणी गार झालं की ते जड होतं आणि खाली जातं, खालचं त्यामानाने उबदार पाणी वर येतं, मग ते गार होतं. इतक्या खोल सरोवराची उन्हाळ्यात साठलेली ऊब अशी फेरी घालून घालून संपायला महिनोन्‌महिने लागतात. गोडं पाणी साधारण 4 अंशांना सगळ्यात जड असतं. मचूळ पाण्याला किंचित आणखी गार व्हावं लागतं, एवढंच. त्याच्याही खाली गेलं की पाणी उलट हलकं व्हायला लागतं आणि वरच थांबतं. आता वरचा थर भराभर थंड होतो आणि एका कडाक्याच्या रात्री गोठतो. साधारण जानेवारीत सगळं सरोवर पांढरं होतं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो तरंगत राहतो आणि खालच्या पाण्याची उरलीसुरली ऊब बाहेर जाऊ देत नाही. वर माणसं चालू शकतील इतका जाड बर्फ, आणि त्याखाली मात्र पाणीच.

रात्रीचं आकाश तर विचारूच नका. जवळपास शहर नाही, धूर नाही, बाष्प नाही. याच पठारावर पूर्वेला हानले गाव आहे. तिथे भारताची खगोल वेधशाळा आहे आणि तिच्यात दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण. नाव शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून. ही दुर्बीण चालवणारे बसलेले असतात बंगळूरूजवळच्या होसकोटेला, उपग्रहामार्फत तिला सूचना देत.

चांगथांगवर माणसंही राहतात. त्यांना चांगपा म्हणतात. याक, मेंढ्या आणि पश्मिना शेळ्या घेऊन ही मंडळी कुरणामागून कुरण हिंडतात आणि याकच्या केसांच्या काळ्या तंबूत राहतात. भयंकर थंडीमुळे त्यांच्या शेळ्यांच्या राठ केसांखाली अतिशय मऊ, बारीक लोकर उगवते. तीच पश्मिना. कोरझोकला बौद्ध मठ आहे आणि गावालगत जवाची शेतं. एवढ्या उंचीवर शेती करणारी गावं जगात थोडीच. इथले लोक सरोवराला पवित्र मानतात. 2002 मध्ये त्सो मोरीरीला रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली.

ती मिळाली मुख्यतः पक्ष्यांमुळे. मे महिन्यापर्यंत बर्फ फुटतो आणि पाहुणे यायला लागतात. खरं तर पाहुणे नव्हेतच ते, त्यांचं घर हेच! तपकिरी डोक्याचे कुरव, डोक्यावर तुरा मिरवणाऱ्या मोठ्या पाणडुब्या, भगव्या रंगाचे चक्रवाक. दलदलीच्या बाजूला काळ्या मानेचे क्रौंच दिसतात, लडाखचा राज्यपक्षी. आणि माझे सगळ्यात लाडके पट्टकादंब.

पट्टकादंब हे दोन-तीन किलो वजनाचं रानटी हंसबदक. अंग राखाडी, चोच आणि पाय पिवळसर नारिंगी, डोकं पांढरंशुभ्र आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. सरोवरातल्या बेटावर ते जमिनीवरच घरटं करतात आणि मादी आपल्याच छातीची मऊ पिसं उपटून त्यात अंथरते. चार-सहा अंडी, महिनाभर उबवणं, आणि पिल्लं बाहेर आली की दुसऱ्या दिवसापर्यंत चालायला-पोहायला तयार. याच दिवसांत मोठ्यांची उडण्याची पिसं झडतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. तेव्हा पाणी हाच त्यांचा आसरा. बेटावर कोल्हा पोचत नाही. पण काठाजवळ घरटं करणाऱ्या पक्ष्यांना अलीकडे एक नवा धोका झालाय, मोकाट कुत्र्यांचा. छावण्यांतलं आणि पर्यटकांनी टाकलेलं अन्न खाऊन त्यांची संख्या वाढते आणि मग ती अंडी-पिल्लांवर जातात. तिथे गेलात तर उरलेला बिस्किटाचा पुडासुद्धा मागे टाकू नका, अगदी हात जोडून सांगते.

थंडी सुरू झाली की पट्टकादंब दक्षिणेकडे निघतात. मध्ये उभा असतो हिमालय. जिथे आपल्याला जिना चढता येत नाही अशा हवेत हे पक्षी पंख मारत डोंगर ओलांडतात, आणि वसंतात परत जाताना तर थेट सपाट मैदानांपासून वर चढतात. वाऱ्यावर अलगद तरंगत नव्हे, सतत पंख मारून. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून माग काढला, तेव्हा कळलं की हिमालयाचा चढ ते सात-आठ तासांत पार करतात. तेही बरेचदा रात्री किंवा भल्या पहाटे. का बरं? गार हवा दाट असते. पंखांना आधारही जास्त आणि श्वासात ऑक्सिजनही जास्त. नोंदलेली सगळ्यात जास्त उंची आहे 7,290 मीटर.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. हे पक्षी एकदा उंच चढून सरळ रेषेत उडत नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की खाली उतरतात, पुन्हा चढतात. वाटतं की ही फुकटची मेहनत! पण विरळ हवेत उंचावर टिकून राहायला इतकी ताकद लागते की खाली उतरून पुन्हा चढणंच स्वस्त पडतं. त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींवरून हे समजलं. शिवाय त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही ऑक्सिजन घट्ट पकडतं, फुप्फुसं मोठी असतात, आणि उडण्याच्या स्नायूंमध्ये केसासारख्या रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं.

लडाखमधले, तिबेटमधले, मंगोलियातले पट्टकादंब हिवाळ्यात भारतभर विखुरतात, आणि त्यांतले काही थवे महाराष्ट्रात येतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला, पैठणच्या नाथसागरावर, नाशिकच्या नांदूर मधमेश्वरला. डिसेंबर ते फेब्रुवारीत यांपैकी कुठे जायला मिळालं तर दुर्बीण घेऊन जा. काठावरच्या मोकळ्या जागेत घोळका करून बसलेले दिसतील. आधी डोक्यावरचे दोन पट्टे मोजा. मग त्यांच्या माना आणि पाय नीट बघा, कारण अभ्यासासाठी काहींच्या मानेत रंगीत पट्टी किंवा पायात कडं घातलेलं असतं आणि त्यावर अक्षरं व आकडे असतात. जवळ जाऊन त्यांना उडवू नका, लांबूनच वाचा. पट्टीचा रंग, अक्षरं, तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहा, जमलं तर फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. तो पक्षी कुठल्या सरोवरावरून उडून तुमच्यासमोर येऊन बसलाय, ते त्या चार अक्षरांवरून शोधता येतं.